चौथी जागा

लांबी तीन मीटर. त्यापुढे कायदा बसलेला.
एवढ्यात मावली तर छोटी गाडी, छोटा कर,
नाहीतर डोंगरातल्या कोणालाही न परवडणारं
आणखी एक लोखंड.

मी ट्रेसिंगला होते. शाईचं पेन, पातळ कागद,
घाम लागू नये म्हणून मनगटाखाली रुमाल.
पुरुषांनी रेषा काढायच्या, आम्ही गिरवायच्या,
तेव्हा कारखान्यात असंच होतं.

पहिली गाडी म्हणजे नुसती शिडी.
दोन उभ्या पट्ट्या, पाच आडव्या,
वर सफरचंदांची पेटी आणि पेटीवर तोकुजी.
तो आधी ओंडके ओढणाऱ्या घोड्यांवर होता.
म्हणायचा, पुढचे पाय नुसते टेकवले
तर जनावर चिखलात तोंडावर पडतं,
पुढच्यांनाही काम द्या.

पुढच्यांना काम दिलं
आणि पुढचा दांडा तुटला.
नदीच्या पात्रात, गोट्यांवर, तिसऱ्याच दिवशी.
मग पुन्हा. मग कारखान्याच्या फाटकातच,
सगळ्यांसमोर, वेग शून्य असताना.
कुरामोची-सान तुटका तुकडा खिशात ठेवत,
जेवताना भाताच्या वाटीशेजारी काढत
आणि त्याच्याकडे असे बघत
जणू तोच आता काही बोलणार आहे.
नवव्या वेळी पोलाद बदललं, आच बदलली.
दहावा दांडा तुटला नाही.
त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. सवय मोडली असावी.

राहिली स्टेपनी.
मागे लावली तर अकरा सेंटीमीटर कायद्याबाहेर.
टपावर लावली तर गाडी वळणावर डुले.
बॉनेटवर लावली तर तोकुजीला रस्ता दिसेना,
आणि तो नसलेल्या रस्त्यांचाच माणूस.
दोन महिने त्या एका चाकाभोवती
सहा माणसं सिगारेटी ओढत बसली.

मी चहा ठेवायला गेले होते.
म्हटलं, चौथा माणूस उतरवा.

कोणी हसलं नाही, हे मला आठवतं.
कुरामोची-साननी कंपास माझ्याकडे सरकवला.
मागच्या डाव्या सीटवर मी टोक रोवलं
आणि फिरवलं.
ते वर्तुळ मी गिरवलं नाही. काढलं.
(नकाशाच्या कोपऱ्यात नाव त्यांचंच गेलं. जाऊ दे.)

माघात चाचणीची गाडी इवानोसावाला नेली.
छातीएवढा बर्फ, तार तुटलेली,
आणि वरच्या घरात हात्सुए अडलेली.
दवाखाना खिंडीपलीकडे.
तोकुजी, मिने सुईण, हात्सुए,
तीन जागा, तीन माणसं.
नवरा, गिसाकु, बाहेर राहिला.
गाडीच्या चाकोरीतून चालत आला मागून,
हातात कंदील, पायात गवताचे बूट.

खिंडीच्या माथ्यावर इंजिन चालू ठेवून
तोकुजी बाहेर उभा राहिला, पाठ करून.
दोन टोल्यांचं ते इंजिन,
धुराचा तेलकट वास, काचांवर वाफ.
मग इंजिनापेक्षा मोठा आवाज.

मिनेनं मुलीला रजईत गुंडाळलं
आणि इकडेतिकडे बघून
स्टेपनीच्या पोकळीत ठेवलं.
बरोब्बर बसली, म्हणे.
रबराचा कठडा चहूबाजूंनी.
उतरताना प्रत्येक खड्ड्याला रडली,
खड्डा संपला की गप्प.

कुरामोची-साननी संध्याकाळी तिला पाहिलं,
घड्याळ पाहिलं, वही काढली.
अभिनंदन वगैरे काही नाही.
लिहिलं:
मागचे कमानपाटे कडक. एक पान कमी करावे.
खाली रकान्यात:
प्रवासी, चार.

ती वही नकलेला माझ्याकडे आली.
कागदोपत्री गाडी तिघांची.
आकडा चुकलाय, दुरुस्त कर,
असं शेजारची म्हणाली.

मी पेन शाईत बुडवलं
आणि आयुष्यात पहिल्यांदा
जसंच्या तसं गिरवलं, मनापासून.